अकरा बाटल्या आणि माळकरी सासरे

क्रूझ बुक केली तेव्हा मला वाटलं होतं मुलगा पोहेल, सासरे समुद्र बघतील, नवरा झोपेल आणि मी आठवडाभर स्वयंपाकघराचं तोंड बघणार नाही. झालंही साधारण तसंच, फक्त मधे एक दिवस मी आणि माझे माळकरी सासरे, म्हणजे नाना, मिळून कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर भर उन्हात दारूच्या दुकानात उभे होतो आणि नाना दुकानदाराला प्रूफचा, म्हणजे दारू किती कडक त्याचा, हिशोब विचारत होते. कसं झालं ते सांगते.

आम्ही राहतो शार्लटला, नॉर्थ कॅरोलायनात. इथे वाईन-बिअर ग्रोसरीच्या दुकानात मिळते पण कडक दारू फक्त सरकारी एबीसी स्टोअरमधे, आणि राज्यभर किंमत एकच. म्हणजे घासाघीस नाही, दुसऱ्या दुकानात स्वस्त असेल ही आशा नाही, काहीच नाही. त्यामुळे आम्ही कॅरिबियनला चाललोय हे कळल्यावर नवऱ्याच्या मित्रांच्या ग्रुपवर जी यादी आली ती किराण्याच्या यादीएवढी होती. चौदा बाटल्या. एकाने तर खाली लिहिलं होतं, वहिनी तुम्ही पीत नाही म्हणून तुमच्यावर जास्त विश्वास आहे. मी पीत नाही असं नाही, क्वचित एखादी वाईन घेते, पण असो.

यादी बघून मी आधी नियम वाचायला बसले कारण आमच्या घरात नियम वाचणारी मी एकटीच. तर अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला बहुतेक परदेशी ठिकाणांहून येताना ड्यूटी न भरता एकच लिटर आणता येते. पण सेंट थॉमस हे यूएस व्हर्जिन आयलंड्समधलं बेट, म्हणजे अमेरिकेचाच प्रदेश पण कस्टम्सच्या हद्दीबाहेर, त्यामुळे तिथून माणशी पाच लिटर, आणि मालाची एकूण सूट सोळाशे डॉलरपर्यंत. अट एक, की त्या पाचातली निदान एक तिथल्या बेटांवरच बनलेली असली पाहिजे. आणि वय एकवीस पूर्ण. म्हणजे आमचा अकरा वर्षांचा मुलगा बाद (एका मित्राने त्यालाही धरलं होतं, मी त्याचं नाव इथे लिहीत नाही). नाना व्हिजिटर व्हिसावर, इथले रहिवासी नाहीत, म्हणून त्यांचा वाटा वेगळा, एक लिटर. आम्ही दोघं मिळून दहा आणि नानांची एक, झाल्या अकरा. चौदाच्या अकरा झाल्यावर ग्रुपवर जे काय रणकंदन झालं ते सोडा.

आता नाना. माझे सासरे सातारा जिल्ह्यातले, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, आणि आयुष्यभर नोकरी केली सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, लॅबमधे. चौतीस वर्षं स्पिरिटचे नमुने तपासले पण थेंब जिभेला लावला नाही. लग्न ठरलं तेव्हा माझ्या बाबांनी चौकशी केली होती की मुलाचे वडील दारूच्या कारखान्यात आहेत म्हणे, तर मध्यस्थ म्हणाले अहो ते माळकरी आहेत, त्यावर बाबा दोन दिवस बुचकळ्यात.

तर सेंट थॉमसला जहाज सकाळी आठला लागलं, संध्याकाळी पाचला निघणार. नवरा म्हणाला मी पोराला मेगन्स बेच्या बीचवर घेऊन जातो, तू यादीचं बघ. असंच असतं, यादी त्याच्या मित्रांची आणि बघायची मी. नानांना विचारलं बीचवर जाता का, तर म्हणाले, "त्या वाळूत मी काय करू, मी येतो तुझ्याबरोबर, पिशवी धरायला कुणीतरी पाहिजे का नको."

जहाज लागतं तिथे हॅवनसाइटला धक्क्याच्या बाहेर पडलं की लगेच दुकानं आहेत, दारूची पण मोठीमोठी, पण मला गाव बघायचं होतं म्हणून सफारी टॅक्सीत बसलो. ही टॅक्सी म्हणजे ट्रकच्या मागे बाकडी टाकून वर छप्पर, बाजू सगळ्या उघड्या, आपल्या वडापपेक्षा जरा बरी. नाना एकदम खूश. आणि गंमत म्हणजे तिथे गाड्या आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात पण स्टिअरिंग मात्र अमेरिकन गाड्यांचं, तेही डावीकडेच. नाना पूर्ण रस्ताभर ड्रायव्हरला ओव्हरटेक करताना समोरचं दिसतं कसं या काळजीत.

शार्लट अमाली हे तिथलं गाव. (आम्ही शार्लटहून शार्लटला गेलो हा विनोद नवऱ्याने आठ वेळा केला.) मेन स्ट्रीटवर जुन्या दगडी वखारी आहेत, जाड भिंती, कमानी, मोठमोठी लाकडी दारं, डेन्मार्कच्या राज्यातल्या. अमेरिकेने ही बेटं १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला विकत घेतली, तोवर ती डॅनिश होती आणि हे बंदर अठराव्या शतकापासून खुला व्यापार असलेलं, साखर, मळी, रम सगळं इथून जायचं. आता त्याच वखारींत हिऱ्याच्या अंगठ्या, घड्याळं आणि दारू. दागिन्यांच्या दुकानांतून बरेच विक्रेते सिंधी आणि गुजराती दिसले, एकाने मला हिंदीत "दीदी आइये" म्हणून हाक मारली तेव्हा मी दचकलेच.

दारूचं दुकान आत गार, आणि शिरल्या शिरल्या एका बाईने छोट्या प्लास्टिकच्या कपात रम पुढे केली. औषधाचं झाकण असतं ना तेवढा कप. मी घेतली, नारळाची होती, खोबऱ्याच्या तेलासारखा वास पण चव बरी. नानांना पण दिली. मी म्हणणारच होते की ते घेत नाहीत, तर नानांनी कप घेतला, नाकापाशी नेला, डोळे मिटले, कप जरासा हलवला, परत वास घेतला आणि परत ठेवून दिला. म्हणाले, "ह्यात वास वरून घातलाय. दुसरी नुसती आहे का विचार, बिनवासाची."

ती बाई हसली आणि तिने क्रूझानची साधी आणि एक जास्त वर्षं मुरवलेली, अशा दोन काढल्या. क्रूझान ही तिथलीच रम, सेंट थॉमसला नाही पण दक्षिणेला सेंट क्रॉय बेट आहे तिथे बनते, त्यामुळे आमची ती "एक तरी स्थानिक" अट हिच्यावरच भागणार होती. नानांनी मुरवलेलीचा वास घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लाकूड चांगलं आहे." मग मला विचारायला लावलं की बेटावर ऊस किती, कारखाने किती, गाळप किती. बाई म्हणाली ऊस नाही. १९६६ सालीच तिथला साखरेचा धंदा बंद झाला, आता मळी बाहेरून बोटीने येते.

नानांचा चेहरा बघण्यासारखा. "ऊस नाही आणि रम? म्हणजे टँकरवर चाललीय डिस्टिलरी?" मी म्हटलं नाना, टँकर नाही, बोट. ते म्हणाले एकच ते. पुढचा अर्धा तास त्यांनी मला मळीतली साखर, यीस्ट, आंबवण आणि स्पेंटवॉशचं, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचं, काय करतात हे सगळं सांगितलं आणि मी मोबाईलवर एबीसीच्या किंमती बघत होते.

इथे खरी गंमत आहे ती सांगते कारण लोक ड्यूटी फ्री म्हटलं की डोळे मिटून उचलतात. तिथल्या बाटल्या बहुतेक एक लिटरच्या आणि आपण घरी बघतो ती किंमत ७५० मिलीची. त्यामुळे नुसती किंमत बघितली तर वाटतं अरे फक्त चारच डॉलर कमी, पण मिलीवर काढलं तर बराच फरक. उलटंही आहे. काही बाटल्या तिथेही ७५० च्याच ठेवलेल्या असतात, मोठी पाटी लावून, आणि त्यांत काही वाचत नाही. यादीतल्या एका सिंगल माल्टमधे जेमतेम सहा डॉलर वाचत होते, ओझं धरलं तर तोटाच. रम मात्र पाण्याच्या भावात, लिटरची साधी क्रूझान मी दहा डॉलरला घेतली. वर विक्रीकर नाही, पाटीवर असेल तेवढेच पैसे. मी कागदावर रकाने आखले, नाव, मिली, इथली किंमत, तिथली किंमत, भागिले. नाना शेजारून आकडे तपासत होते आणि एकदा चूक काढली पण.

मग तो प्रूफचा घोळ. यादीत एकाने १५१ रम लिहिली होती. नानांनी लेबल वाचलं आणि थबकले. आपल्याकडे बाटलीवर लिहितात ४२.८ टक्के, ७५ प्रूफ. इथे ४० टक्के आणि ८० प्रूफ. कमी दारूला जास्त प्रूफ कसं? त्यांनी ते मला दुकानातल्या माणसाला विचारायला लावलं, तो बिचारा म्हणाला मॅडम प्रूफ म्हणजे टक्क्याच्या दुप्पट, बस. नानांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं की आपलं इंग्रजी प्रूफ, त्यात ५७.१ टक्के म्हणजे १००, आणि यांचं अमेरिकन, सरळ दुप्पट. म्हणजे १५१ म्हणजे साडेपंच्याहत्तर टक्के. "हे पिण्याचं नाही, हे स्टोव्हचं आहे," नाना.

आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की विमानात सत्तर टक्क्यांच्या वरची दारू सामानात पण चालत नाही. आम्ही फोर्ट लॉडरडेलहून उडणार होतो. म्हणजे ती बाटली जहाजातून उतरून एअरपोर्टपर्यंत जाणार आणि तिथे कचऱ्यात. चोवीस ते सत्तर टक्क्यांची माणशी पाच लिटर चेक-इन बॅगेत चालते, चोवीसच्या आतल्याला मर्यादा नाही. १५१ वाल्याला मेसेज केला, त्याने रडका चेहरा पाठवला.

शेवटी ठरलं ते असं: बारा वर्षं जुनी ब्लेंडेड स्कॉच तीन, सिंगल माल्ट एक (सहा डॉलरवालीच, कारण ज्याची होती तो ऐकेना), व्होडका दोन, टकिला एक, आयरिश क्रीमची एक, साधी क्रूझान दोन, म्हणजे माझी एक नवऱ्याची एक. दोनशे एकसष्ट डॉलर झाले. मी पैसे देणार तेवढ्यात नाना म्हणाले, "माझी एक राहिली."

मला वाटलं त्यांचा वाटा पण ग्रुपसाठी वापरायचा. तर म्हणाले नाही, ती मुरवलेली दे एक, माझ्यासाठी. मी बघतच राहिले. मग कळलं की कारखान्यात त्यांच्या लॅबमधे एक सहकारी होते, आता साताऱ्यातच असतात, त्यांच्यासाठी. दोघांनी मिळून वीस-बावीस वर्षं नमुने काढले, ते चाखायचे, नाना वास घ्यायचे. भारतात नेताना माणशी दोन लिटरपर्यंत चालते, म्हणजे ही ७५० ची बिनधास्त. नानांनी पाकिटातून स्वतःचे डॉलर काढले, मला देऊ दिले नाहीत.

दुकानात बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, मधे कप्पे, वर प्लास्टिकची मूठ लावून देतात. दोन खोकी. एक लिटरची भरलेली बाटली दीड-एक किलोच्या पुढे जाते हे मला तेव्हा कळलं. काही दुकानं जहाजावर पोचवतात म्हणे पण मला ते जिवाला घोर नको होता. नानांनी एक खोकं हातात घेतलं, खिशातून पेन काढलं आणि वरच्या कोपऱ्यात बारीक "श्री" लिहिलं. दुसऱ्यावर पण. त्यांची सवय आहे, डबा असो, वही असो, बँकेचा फॉर्म असो, आधी श्री. मी म्हटलं नाना, दारूचं खोकं आहे हो. म्हणाले, "मग? नवीन वस्तू आहे ना."

परत टॅक्सी, परत धक्का, ऊन मी म्हणतंय, आणि रांग. जहाजावर चढताना सगळं सामान एक्स-रेतून जातं आणि बाटल्या तिथेच काढून घेतात, खोलीत नेऊ देत नाहीत, कारण मग त्यांचे बार कोण चालवणार. शेवटच्या रात्री परत देतात. टेबलावर जो मुलगा बसला होता त्याच्या छातीवरच्या पाटीवर नावाखाली इंडिया लिहिलेलं, मडगावचा निघाला. या जहाजांवर गोव्याची मुलं खूप. त्याने नानांकडे बघितलं, टोपी, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, हातात सहा बाटल्यांचं खोकं.

"काका, इतकी?"

नाना कानापर्यंत लाल. "माझी नाही हो ही."

"सगळेच असंच सांगतात, काका," तो म्हणाला आणि पावती फाडली. मागे उभी असलेली मी हसून हसून रडायची बाकी. पावतीवर आमचा खोली नंबर आणि बाटल्यांचा आकडा, एक प्रत खोक्याला चिकटवली, एक मला.

शेवटच्या संध्याकाळी जेवून आलो तर खोलीबाहेर दोन खोकी ठेवलेली. मी बॅगा भरायला बसले, पहिलं उघडलं, ठीक. दुसरं उघडलं तर आत सगळी टकिला, सहाच्या सहा. पावती बघितली तर नंबर आमच्यासारखाच, फक्त आमच्या ३ च्या जागी कुणीतरी ८ वाचलेला. म्हणजे आमची स्कॉच या जहाजावर कुठेतरी दुसऱ्याच कुणाच्या खोलीत. आणि नानांची बाटली पण त्यातच.

खाली काउंटरवर गेले तर तिथे माझ्यासारखेच पंधरा-वीस जण, प्रत्येकाच्या हातात पावती, आणि कोपऱ्यात बेवारशी खोक्यांचा ढीग, सगळी सारखी, त्याच दुकानाची. काउंटरवरची मुलगी म्हणाली प्रत्येक खोकं उघडून बघावं लागेल, वेळ लागेल. मी म्हटलं उघडू नका. माझ्या खोक्यावर कोपऱ्यात एक खूण आहे. कसली खूण म्हणाली. आता तिला श्री काय सांगणार, मी पावतीच्या मागे काढून दाखवलं. ढिगात तिसरंच खोकं. मी ते उचलून वर आले तर नाना दारात उभे, "मिळालं?" मी म्हटलं तुमच्या श्रीने मिळालं. ते काही बोलले नाहीत पण रात्री नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

मग पॅकिंग. अकरा बाटल्या, चेक-इन बॅगेला पन्नास पौंडांची मर्यादा, आणि काच. मी मोजे, टॉवेल, मुलाचे स्विमिंगचे कपडे सगळं गुंडाळलं तरी चार बाटल्या उघड्याच. नानांनी आपल्या बॅगेतून दोन धोतरं काढली. पांढरी, धुतलेली, घडी घातलेली. मी म्हटलं नाना अहो ती नको. त्यांनी ऐकलं नाही. धोतर जमिनीवर लांब पसरलं, एका टोकाला बाटली ठेवली, दोन वेढे दिले, मग दुसरी, परत दोन वेढे, अशी एका धोतरात दोन, मधे कापडाची जाड घडी, काचेला काच लागायची नाही. लॅबमधे नमुने पाठवायचे तेव्हा असंच बांधायचो म्हणाले, तेव्हा पोत्यात.

सकाळी उतरलो. कस्टम्सचा मला रात्रभर धसका, म्हणजे गुन्हा काहीच नव्हता पण अकरा बाटल्या म्हणजे अकरा बाटल्या. अधिकाऱ्याने विचारलं काय आणलंय. मी सगळं पाठ केल्यासारखं म्हटलं, दोन रहिवासी, एक पाहुणे, सेंट थॉमसहून दहा लिटर, त्यातली दोन स्थानिक, आणि पाहुण्यांची एक बाटली, पावत्या या. तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला. मग विचारलं, फळं, मांस, झाडं काही? नाही म्हटलं. जा म्हणाला. पावत्यांकडे बघितलं पण नाही! मी दुकानात बसून आखलेले रकाने, वाचलेले नियम, सगळं त्या एका "जा"त. मला खरं सांगायचं तर थोडा रागच आला.

घरी सगळ्या सुखरूप पोचल्या, एकही फुटली नाही, फक्त आयरिश क्रीमचं झाकण जरा सैल होतं आणि मुलाच्या एका मोज्याला अजून चॉकलेटचा वास येतो. शनिवारी मित्र आपापल्या बाटल्या न्यायला आले. सिंगल माल्टवाला म्हणाला वहिनी, इथे एबीसीत या महिन्यात त्याच्यावर सात डॉलर सूट चाललीय. मी त्याला चहा दिला नाही.

नानांची बाटली त्यांच्या खोलीत टेबलावर होती, दिवाळीच्या आधी ते परत गेले तोवर. एकदा झाडू मारताना बघितलं तर तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली, त्यांच्या त्या तिरक्या बारीक अक्षरात. वर श्री. खाली, नमुना क्र. १. सेंट क्रॉय. ऊस नाही. वास उत्तम. चव, आणि त्यापुढची जागा मोकळी सोडलेली.